माती परीक्षणाचा कागद हातात आला, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये नमुने प्रयोगशाळेत जातात, पेरणीच्या तोंडावर अहवाल येतात आणि मग फोन सुरू होतात. "ताई, सामू (पीएच) ८.३ आलाय, वाईट आहे का?" "नत्र कमी लिहिलंय, मग युरिया डबल टाकू?" माती तपासण्याच्या कामात हेच प्रश्न दरवर्षी ऐकते, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. देशावरच्या काळ्या जमिनीचे प्रश्न जास्त येतात, म्हणून त्यांनी जागाही जास्त घेतली आहे. कोकणातल्या लोकांनी रागावू नये, त्यांच्यासाठीही खाली आहे.

अहवालात इतके आकडे आहेत. आधी कोणता पाहू?

सामू. सगळ्यांची नजर आधी नत्र-स्फुरद-पालाशवर जाते, कारण दुकानात तेच मिळते. पण मातीत काय आहे आणि पिकाला त्यातले काय मिळणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बरीचशी सामूवर ठरते. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने तयार केली, आणि तिची एक खोच आहे: प्रत्येक अंक दहा पटींचा. ६.५ आणि ८.५ मध्ये फरक दोनाचा दिसतो, प्रत्यक्षात तो शंभर पटींचा असतो.

बहुतेक अन्नद्रव्ये ६ ते ७.५ च्या दरम्यान मोकळी असतात. वर गेलात की लोह, जस्त आणि मंगल (मँगनीज) अडकतात. खाली गेलात की ॲल्युमिनियम सुटते आणि मुळे जाळते. स्फुरद तर दोन्हीकडे अडकतो, वर चुन्याच्या हाती आणि खाली लोह-ॲल्युमिनियमच्या हाती.

सामूनंतर मुक्त चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) पाहा, मग क्षारता, मग सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन). नत्र, स्फुरद, पालाश त्यानंतर.

माझा सामू ८.२ आहे. आम्ल किंवा गंधक टाकून तो ७ वर आणता येईल का?

जमिनीत मुक्त चुना असेल तर नाही. का नाही, त्याचा हिशोब करून बघू.

एक एकर शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो भरते. अहवालात मुक्त चुना ५ टक्के असेल तर ४५ हजार किलो चुना तिथे बसलेला आहे, म्हणजे ४५ टन. १०० किलो चुना विरघळवायला ३२ किलो गंधक लागते. तुमच्या एकराला गंधक लागेल १४ टनांहून जास्त. हा चुना संपत नाही तोवर सामू हलत नाही. म्हणून "सामू कमी करणारे" म्हणून एकरी दोन-पाच किलोची पुडी कोणी देत असेल तर पैसे खिशात ठेवा.

मग करायचे काय? अख्खी जमीन बदलायच्या नादी लागू नका, मुळाजवळची जागा सांभाळा. कुजलेल्या शेणखतात मुरवून दिलेली सूक्ष्म अन्नद्रव्ये, ओळीत पेरून दिलेला स्फुरद, ठिबकमधून थोडे थोडे दिलेले खत, हे सगळे त्यासाठीच. ८.२ सामूच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या कापूस, ज्वारी, हरभरा चांगला येतो. तो सामू म्हणजे आजार नव्हे, तुमच्या जमिनीचा स्वभाव आहे.

चुनखड आहे की नाही हे घरी कळेल का?

कळेल. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका आणि कान लावा. सुरसुर आवाज आला, बुडबुडे दिसले की चुना आहे. टक्केवारी मात्र प्रयोगशाळेतच कळते. नांगरटीत वर आलेले पांढरे खडे घेऊन येणारे पुष्कळ असतात, पण डोळ्यांना न दिसणारा, मातीत भुकटीसारखा मिसळलेला चुना जास्त त्रास देतो.

ऊस केवड्यासारखा पिवळापांढरा पडलाय. अहवालात लोह आहे, तरी असे का?

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) आणि चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसते. भुईमूग, सोयाबीन, संत्रा, द्राक्ष यांनाही होते. गंमत अशी की बसाल्टपासून बनलेल्या आपल्या जमिनीत लोह टक्क्यांमध्ये मोजावे इतके आहे. पण ते गंजाच्या रूपात. झाडाला उपलब्ध असलेले लोह वेगळे मोजतात, आणि त्याची मर्यादा आहे किलोभर मातीत ४.५ मिलिग्रॅम. त्याखाली गेले की टंचाई. (जस्ताची मर्यादा ०.६ मिलिग्रॅम. आपल्याकडे जस्त तर लोहाहून जास्त वेळा कमी निघते.)

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसते फेकले तर चार दिवसांत त्याचाही गंज होतो. एकरी १० किलो फेरस सल्फेट साधारण दहापट ओलसर कुजलेल्या शेणखतात मिसळा, चार-पाच दिवस झाकून मुरवा, मग सरीत द्या. पिवळेपणा आत्ता दिसत असेल तर अर्धा टक्का द्रावणाची फवारणी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले) घेणार असाल तर पुडीवर ईडीडीएचए आहे की ईडीटीए ते वाचा. चुनखडीच्या जमिनीत ईडीटीएमधले लोह टिकत नाही, ईडीडीएचएमधले टिकते. दुसरे महाग आहे, पण पहिले जमिनीतून देणे म्हणजे पैसे मातीत.

शेवटी, पाणी तुंबले असेल तर आधी ते काढा. जमीन वाफशावर (ओलसर पण मोकळी) आल्यावर निम्मा केवडा, म्हणजे हा पिवळेपणा, आपोआप जातो, हे मी अनेक प्लॉटवर पाहिले आहे.

काळी जमीन म्हणजे सुपीक जमीन ना? मग सेंद्रिय कर्ब ०.४ कसा?

काळा रंग म्हणजे कर्ब भरपूर, हा समज शाळेपासून घट्ट बसला आहे. युक्रेन-रशियातली काळी माती, चेर्नोझेम, खरोखर कर्बामुळे काळी आहे. तिच्यावरच्या अभ्यासातून १८८३ मध्ये दोकुचायेव यांनी मृदाशास्त्राचा पाया घातला. आपली रेगूर वेगळी. तिच्यातला थोडासा कर्ब बारीक चिकणमातीला इतका घट्ट चिकटतो की रंग गडद दिसतो. उन्हाळ्यात ४० अंशांवर तापणाऱ्या, वर्षातले सात-आठ महिने कोरड्या जमिनीत कर्ब साठतच नाही.

काळ्या जमिनीचे खरे भांडवल तिच्या चिकणमातीत आहे. स्मेक्टाइट जातीचे हे खनिज पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धरून ठेवते. म्हणूनच पावसाने पाठ फिरवल्यावरही रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर उभी राहते.

मग ०.४ चा कर्ब १ वर नेणारे औषध येते म्हणतात, ते?

परत तोच हिशोब. ९ लाख किलो मातीत ०.६ टक्के कर्ब वाढवायचा म्हणजे एकरी ५,४०० किलो शुद्ध कर्ब, आणि तोही टिकून राहणारा. लिटरभर बाटलीत तो कसा मावेल? पाच टन शेणखतातून, निम्मे पाणी धरले, तर नऊशे किलोच्या आसपास कर्ब जमिनीत जातो आणि त्यातला बराचसा जिवाणू वर्षभरात खाऊन हवेत सोडतात. दरवर्षी शेणखत, हिरवळीचे खत, पिकाचे अवशेष असे चालू ठेवले तर आकडा हळूहळू सरकतो. एका हंगामात दुप्पट झालेला कर्ब मला कोणी दाखवला की मी आधी विचारते, नमुना कुठून घेतला?

‘भारी’, ‘मध्यम’, ‘हलकी’ हे वर्गीकरण शास्त्रीय आहे का?

मला विचाराल तर आहे. त्यात खोली, निचरा आणि पाणी धरण्याची ताकद हे सगळे एका शब्दात येते. मुरमाड, बरड, पोयट्याची, मळीची, चोपण, शाडवट, प्रत्येक शब्दामागे पीक घेऊन पाहिलेले कोणीतरी आहे. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी अशी निराळीच नावे आहेत. इंग्रजी राजवटीतल्या जमीन मोजणीवाल्यांनी सारा ठरवताना तीच उचलली.

मृदाशास्त्रज्ञ जे वर्गीकरण वापरतात ते बहुधा अमेरिकी पद्धतीचे, १९७५ सालचे. त्यात आता बारा गण आहेत. आपली खोल काळी जमीन व्हर्टिसॉल गणात येते. लॅटिनमध्ये ‘व्हर्टेरे’ म्हणजे उलटणे: उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती आत पडते, पावसाळ्यात फुगून खालची वर रेटली जाते. भेगेत हात घातलात तर आतल्या ढेकळांच्या बाजू घासून चकचकीत झालेल्या दिसतील. चिकणमाती ३० टक्क्यांच्या वर, भेगा आणि या घासलेल्या बाजू, एवढे जमले की ती व्हर्टिसॉल.

मात्र सगळा महाराष्ट्र व्हर्टिसॉल नाही. डोंगरमाथ्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम (एन्टिसॉल), उतारावर मध्यम (इन्सेप्टिसॉल) आणि खोलगटात खरी भारी. तिन्हींची आई एकच, दख्खनचा बसाल्ट. एकाच शेतकऱ्याच्या पाच एकरांत तिन्ही सापडतात, आणि तिघींचा मिळून एकच नमुना येतो, त्याचे काय करायचे मला कळत नाही. देशाच्या मातीचे नकाशे करणारी मुख्य संस्था आपल्याच नागपुरात आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो. तालुक्याची माती समजायला त्यांचे नकाशे चांगले. तुमच्या बांधाच्या आतली मात्र तुम्हालाच खणून बघावी लागेल.

जमीन खारवट आहे की चोपण, आणि जिप्सम दोन्हीला चालते का?

नाही, आणि इथे चूक महागात पडते. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर येतो, माती भुसभुशीतच राहते. तिला औषध एकच, निचरा. चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घाला आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो. सामू ८.५ च्या वर जातो, पाणी मुरत नाही, ओली असताना साबणासारखी आणि वाळली की दगड. तिथे जिप्सम लागते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावते आणि त्याचे सोडियम सल्फेट होते. ते पाण्याबरोबर बाहेर गेले पाहिजे. निचरा न करता जिप्सम टाकणे म्हणजे चोराला घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवणे. मात्रा प्रयोगशाळेने काढून दिलेलीच घ्या, शेजाऱ्याची नको.

चोपण जमिनीत चुनाही भरपूर असेल तर गंधक चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्ल चुन्यावर पडून जागच्या जागी जिप्सम तयार होते. वर मी गंधकाला नाही म्हटले ते सामू ७ करण्यासाठी. इथे काम वेगळे आहे, सोडियम काढायचे. सोबत धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) घेऊन फुलोऱ्यात गाडा.

कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात या जमिनी बिघडल्या त्या मुख्यतः उसाला पाट सोडून झोपल्यामुळे. कोणाला हे वाचून राग येईल, येऊ दे.

आम्ही कोकणातले. सामू ५.४ आला. चुना टाकू का?

पीक कोणते? भात असेल तर बहुधा गरज नाही. खाचरात पाणी साठले की हवा संपते, जिवाणू लोहाचे रूप बदलतात आणि त्या प्रक्रियेत आम्लता खर्ची पडते. दोन-चार आठवड्यांत सामू आपणहून साडेसहाच्या आसपास येतो. आंबा, काजू, नाचणी यांना थोडी आंबट माती सोसते. भाजीपाला, कडधान्ये, भुईमूग घ्यायचे असतील तर चुन्याचा विचार करा, विशेषतः ५.५ च्या खाली, कारण तिथून ॲल्युमिनियम विरघळू लागते. चुना म्हणजे बारीक दळलेला चुनखडी दगड किंवा शिंपल्यांचा चुना, पेरणीच्या महिनाभर आधी. जिप्सम इथे चुन्याची जागा घेत नाही, त्याने सामू वाढत नाही. आणि उत्साहात दुप्पट चुना टाकू नका, जस्त आणि बोरॉन अडकून दुसरे दुखणे लागेल.

ज्याला आपण जांभा म्हणतो, ज्याचे चिरे काढून रत्नागिरीत घरे बांधतात, त्याच्याशी भाऊबंदकी असलेली ही माती. लाखो वर्षांच्या धुवांधार पावसाने तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश वाहून नेले, मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. ते स्फुरदाला घट्ट धरून बसतात. म्हणून इथे रॉक फॉस्फेट चालते: मातीचे आम्लच त्याला हळूहळू विरघळवते. देशावरच्या चुनखडीत तेच रॉक फॉस्फेट वर्षानुवर्षे दगडासारखे पडून राहते. शेजारच्या राज्यातला व्हिडिओ बघून खत ठरवणाऱ्यांनी एवढे एक वाक्य दोनदा वाचावे.

राब भाजण्याबद्दलही विचारतात. तरव्याच्या (भातरोपांच्या वाफ्याच्या) जागेवर पाला, शेणी, टहाळ जाळले की राखेतून पालाश आणि थोडा चुना मिळतो, तणाचे बी मरते. आजोबांचा अनुभव खरा होता. पण त्यासाठी दरवर्षी वरकसातली (डोंगरउतारावरच्या जमिनीतली) झाडे सवळायची, म्हणजे फांद्या छाटायच्या, आणि नत्र, गंधक धुरात घालवायचे. गिरिपुष्पाचा पाला खाचरात चिखलणीला गाडा, तरव्याला भाताच्या तुसाची काळी राख द्या. काम तेच होते. युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध चिखलात खोल खोचल्या तर नत्र वाहूनही जात नाही.

युरियाने जमीन आंबट होते, खरे का?

कोणत्या जमिनीत ते सांगा. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू या कामात आम्ल सोडतात, हे खरे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगात अमोनियम सल्फेट दिलेल्या तुकड्यांचा सामू ४ च्या खाली गेला. आपल्याकडे रांचीच्या आम्ल जमिनीतही नुसते नत्र देत राहिल्याने उत्पादन पडत गेले. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीच्या जमिनीत मात्र ४५ टन चुना बसलेला आहे (वरचा हिशोब आठवा), तो हे आम्ल चहासारखे पिऊन टाकतो.

तिथे नुकसान वेगळे होते. जास्त सामूच्या ओलसर मातीवर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. मातीआड करा किंवा टाकून लगेच हलके पाणी द्या.

डीएपी मिळाले नाही. सुपर फॉस्फेट चालेल का?

चालेल, तेलबियांना तर जास्त चांगले. समजा हेक्टरी ६० किलो स्फुरद द्यायचा आहे. डीएपीच्या १३० किलोत तो येतो, बरोबर २३ किलो नत्र. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३७५ किलोत येतो, बरोबर ४० किलोच्या आसपास गंधक. सोयाबीन, भुईमूग, करडई यांना तेल भरायला गंधक लागतेच. नत्राची तूट युरियाने भरा. पोती जास्त उचलावी लागतात, एवढाच तोटा.

कुठलेही घ्या, फेकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत एकदम पेरणाऱ्या अवजाराने) बियाण्याच्या खाली-बाजूला पेरा. स्फुरद मातीत चालत नाही, मुळालाच त्याच्याकडे जावे लागते.

अहवालात ‘स्फुरद ९’ आणि पोत्यावर ‘४६ टक्के’. हे एकच मोजमाप का?

बहुतेक वेळा नाही. अहवालात मूलद्रव्य असते, पोत्यावर त्याचे ऑक्साइड. अहवालातल्या स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशाला १.२ ने गुणा. आणि हेक्टर-एकरचा घोटाळा करू नका, अहवाल हेक्टरी असतो.

जिवाणू खते खरेच काम करतात का?

रायझोबियम, म्हणजे कडधान्यांच्या मुळावरच्या गाठीत राहून हवेतला नत्र बांधणारा जिवाणू, करते, याबद्दल मला शंका नाही. सोयाबीन ३५-४० दिवसांचे झाले की एक झाड मुळासकट उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधणे चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच द्रव्याचा. हिरवट किंवा पांढरी असेल तर गाठ रिकामी.

प्रत्येक कडधान्याचा जिवाणू वेगळा. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सावलीत चोळा. क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. उलटे केलेत तर जिवाणू मारण्याचेच पैसे दिलेत. पाकिटाची तारीख बघा, आणि कृषी केंद्राच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापलेले पाकीट तारखेत असले तरी घेऊ नका.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ॲझोटोबॅक्टर यांचे परिणाम शेतागणिक बदलतात. स्वस्त आहेत, वापरा, पण त्यांच्या भरवशावर खताची मात्रा निम्म्यावर आणू नका.

जीवामृताने खत बंद करता येईल?

२०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. यातले नत्र मोजले तर पाव किलोच्या आगेमागे भरते. सुरू उसाला एकरी शंभर किलो नत्राची शिफारस आहे. जिवाणू जागे होतात, मान्य, पण त्यांनी खायचे काय ते जमिनीत असायला हवे. भरपूर पाला, शेणखत, आच्छादन असलेल्या बागेत जीवामृत शोभते. उघड्या बरड रानावर ते म्हणजे रिकाम्या ताटापुढे वाढपी.

पाचट ठेवले तर ऊस पिवळा पडतो, म्हणून जाळतो. काय चूक?

पिवळा पडतो हे खरे आहे. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र नाममात्र. कुजवणारे जिवाणू आपल्या वाट्याचे नत्र जमिनीतून उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. पण ही उधारी आहे, जिवाणू मेले की परत मिळते. टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, म्हणजे उसाच्या ताटातले जाणार नाही. वर पाणी.

पहिल्या पावसाचा मातीचा वास कशाचा?

स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्मजीवांचा. ते जिओस्मिन नावाचे द्रव्य बनवतात, थेंब आपटला की ते हवेत उडते. याच कुळातून स्ट्रेप्टोमायसिन आले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसचे नावच ‘पिंप्रिना’ आहे, त्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघाले. खताच्या शिफारशीशी याचा काही संबंध नाही, पण दर जूनमध्ये कोणीतरी विचारतेच.

नमुना घेताना सर्वांत मोठी चूक कोणती?

बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याच्या जागेचा नमुना. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याच शेताचा नमुना घेतला, कर्ब १.३ आला. घरात दोन दिवस कौतुक चालले होते. मग आईने विचारले, "तिथे आपला जुना गोठा होता, तिथली माती नाही ना घेतलीस?"

शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल खड्डा करा. एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजके खुरपे किंवा जस्ताची बादली वापरू नका, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर माती कधीच भरू नका. फळबागेसाठी एक, दोन आणि तीन फुटांचे नमुने वेगळे. भारी आणि मुरमाड तुकड्याचे नमुने वेगळे, पिशव्याही वेगळ्या, आणि पिशवीवर गट क्रमांक पेनने नको, पावसात पुसतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका.